आमच्या ओट्यावरून सुटलेलं रॉकेट

आपल्या देशाच्या अंतराळ कार्यक्रमाचं एक उपकार्यालय नागपुरात, अजनीच्या रेल्वे कॉलनीत, माझ्या घराच्या ओट्यावर होतं. (देशाला याची कल्पना नव्हती.)

कार्यालयाची एकूण मालमत्ता म्हणजे एक काळा फळा, दोन खडू आणि एक ट्रान्झिस्टर. प्रमुख मी. पोटापाण्यासाठी मी स्टेशनावर पूछताछच्या खिडकीत बसत असे. बारा वर्षं बसलो. त्या बारा वर्षांत माणसांनी मला एकच प्रश्न विचारला, "गाडी किती लेट आहे?" मी आकडा सांगितला की ती माझ्याकडे अशी बघत, जणू गाडी मीच कुठल्यातरी बोगद्यात लपवून ठेवली आहे. पानानं भरलेली तोंडं खिडकीच्या जाळीजवळ येऊ लागली की मी खुर्ची मागे घेत असे.

अशा माणसाच्या हाती एके दिवशी पेपर पडतो आणि त्यात बातमी असते की आपलं देशी रॉकेट श्रीहरिकोट्याहून सुटणार आहे आणि तिथं शेवटचे सेकंद उलटे मोजतात! सेकंद! मी ज्या खात्यात होतो तिथं तासही सुलटे मोजायला कोणी तयार नसे. मी पार विरघळलो. जुन्या खिडकीच्या फळीला काळा रंग दिला, ओट्यावर टांगली आणि हाताला सवय होती तसेच रकाने आखले. कुठून: श्रीहरिकोटा. कुठे: आकाश. सुटण्याची वेळ. किती लेट.

तो शेवटचा रकाना आखायला नको होता. पण हात वळणावर गेला.

पुढं जे व्हायचं तेच झालं. पेपरात तारीख आली, मी फळ्यावर लिहिली. पेपरात आलं की तारीख पुढे गेली, मी 'आठ दिवस लेट' लिहिलं. पुन्हा नवी तारीख, पुन्हा लेट. कॉलनीतल्या बाया पाणी भरायला जाताना फळा वाचून हसायच्या. समोरच्या क्वार्टरमधले खोब्रागडे, लोको शेडमध्ये फिटर, माझे जिवाभावाचे शेजारी, एकदा सायकलवरून उतरून म्हणाले, "गंधेवार भाऊ, तुमी त्या फयीले हात लावू नका ना! तुमी लिहिता म्हनून ते लेट होऊन राहिलं."

"मी काय करतो? पेपरवाले सांगतात तेच लिहितो."

"स्टेशनावर बी तुमी हेच म्हनता!"

मी खडू खिशात टाकला.

एवढ्यावर निभावलं असतं. पण घरात बायको सुशीला होती, आणि गोंदियाला सुशीलाचे वडील होते. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजी निवृत्त गार्ड. पस्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून हिरवी झेंडी दाखवलेला माणूस. खिशात साखळीचं घड्याळ, आणि त्या घड्याळावरून गोंदियाची सगळी रेल्वे कॉलनी आपापली घड्याळं लावायची. रेल्वेच्या माणसाला देवाची खोटी शपथ घेता येते, पण गार्डच्या घड्याळाशी वाद घालता येत नाही.

अशा माणसाच्या मुलीच्या लग्नात माझी वरात पॅसेंजरनं गोंदियाला चार तास उशिरा पोचली. मुहूर्त टळला, अक्षता संध्याकाळी पडल्या, पंगतीतला भात दुपारीच गार झाला. त्यात वाईट हे, की निघताना मीच त्यांना तार केली होती: 'गाडी वेळेवर आहे.' (गाडी सुटेपर्यंत खिडकीतून तेच सांगायची मला सवय होती.)

निरोप देताना मामाजी एवढंच म्हणाले, "जावईबापू, ज्या घरी वेळ पाळत नाही, त्या घरी मी जेवत नाही."

आणि नाही जेवले. सहा वर्षं! कधी कामासाठी नागपूरला आले तर सुशीला डबा घेऊन स्टेशनावर जायची आणि मामाजी प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसून लेकीच्या हातचं जेवायचे. समोर लेक पदराला डोळे पुसतेय आणि बाप भाकरी मोडतोय, हे मी माझ्या खिडकीतून बघत असे. जाळीतून तेवढं स्पष्ट दिसतं. मला फार लागायचं ते.

म्हणून रॉकेटची पक्की तारीख आणि वेळ आली, सकाळी आठ, तेव्हा सुशीलानं वडिलांना पत्र टाकलं की या, आपण सगळे मिळून रेडिओवर ऐकू. उत्तराचं कार्ड आलं. मामाजींचं अक्षर गार्डच्या नोंदवहीतल्यासारखं ताठ. 'येतो. रॉकेट वेळेवर सुटले तर जेवीन. लेट झाले तर डबा बांधून देणे.'

सुशीलानं ते कार्ड देवाजवळ ठेवलं आणि माझ्याकडे वळली. "अहो, ते वेळेवर सुटलं पाहिजे."

"अगं, मी सोडतो काय ते?"

"ते मले काही सांगू नका. सहा वर्षं झाली, बाबा माह्या घरी जेवले नाही. वडाभात करून राहिले मी, पुरनपोई करून राहिले, पाटोड्यांचा रस्सा करून राहिले. ते सगळं डब्यात बसत नाही!"

देशाच्या शास्त्रज्ञांवर केवढी जबाबदारी होती, हे त्यांना कधी कळलं नसावं. मागचं रॉकेट समुद्रात गेलं होतं, त्याची चिंता ते करत असतील. इकडे पुरण शिजत होतं.

त्या दिवशी पावसानं उघडीप दिली होती. मामाजी पहाटेच्या गाडीनं उतरून सहाला सायकलरिक्षानं घरी आले. पांढरं धोतर, काळा कोट, काखेत गुंडाळलेली जुनी हिरवी झेंडी. चहा प्यायले. (चहा ते जेवणात धरत नसत.) मग खिशातलं घड्याळ काढून बैठकीतल्या भिंतीच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. दोन्ही बरोबर होती, कारण भिंतीचं घड्याळ मी आदल्या दिवशी स्टेशनावर नेऊन तिथल्या वेळेवर लावून आणलं होतं. मामाजींची भुवई किंचित वर गेली. मला मान डोलावल्यासारखी वाटली. साखळीचं घड्याळ खुंटीला अडकवून ते आंघोळीला गेले.

आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

रॉकेट दहापंधरा मिनिटं तरी रेंगाळणारच. काहीतरी पाहायचं राहतं, कोणीतरी शिट्टी विसरतं, हे मला गाड्यांवरून ठाऊक. मग घड्याळंच पंधरा मिनिटं मागं घेतली तर? रॉकेट सव्वाआठला सुटेल, आमच्याकडे ठोक्याला आठ वाजलेले असतील! मामाजी जेवतील, सुशीला हसेल, देशाची अब्रू राहील. रॉकेट खरोखरच वेळेवर सुटलं तर काय, हा विचार मला शिवलाही नाही. बारा वर्षं पूछताछला बसलेल्या माणसाला तो सुचणार कुठून?

बाथरूममध्ये तांब्याचा आवाज येत होता. मी खुंटीवरचं घड्याळ काढलं. जणू मी मामाजींचा खिसाच कापत होतो. ते पंधरा मिनिटं मागं, भिंतीवरचंही पंधरा मिनिटं मागं. मग सभ्य माणसासारखा ओट्यावर गेलो आणि फळ्यावर लिहिलं: 'सुटण्याची वेळ: ८.००. किती लेट:' पुढची जागा कोरी.

आंघोळीनंतर मामाजी डोळे मिटून जपाला बसले. तेव्हा बैठकीत बांगड्या वाजल्याचं मला ओट्यावर ऐकू आलं होतं. सुशीला धूळ झटकत असेल, असं मला वाटलं. जप आटोपून मामाजी बैठकीत एकटेच काही वेळ उभे होते, तेही मी दारातून पाहिलं. म्हातारा माणूस, गुडघे मोकळे करत असेल, असं वाटलं. माझ्याइतका निरागस माणूस त्या सकाळी नागपुरात दुसरा नसेल.

मग कॉलनी लोटली. मी सगळ्यांना पावणेआठला या म्हणून सांगितलं होतं. पाहतो तर आमच्या भिंतीवर सात! मनातल्या मनात मी त्यात माझी पंधरा मिनिटं मिळवली, तरी सव्वासातच. फुकटचा चहा म्हटला की आमचे लोक अर्धा तास आधी येतात, हे मला माहीत होतंच.

खोब्रागडे सर्वांच्या पुढं. नवं मनगटी घड्याळ, बाही मुद्दाम वर सारलेली. "चला, लावा रेडिओ. पावनेआठ झाले."

"सात वाजले," मी म्हणालो.

"काहून मजाक करून राहिले? हे पाहा ना, पावनेआठ!"

मागून आणखी चार मनगटं पुढं आली. पावणेआठ, पावणेआठ, पावणेआठ, पावणेआठ. मी म्हणालो, "तुम्ही सगळे रोज खोब्रागड्यांच्या घडीवरून लावता. एक चुकली की सगळ्या चुकल्या."

मग सर्वांनी मामाजींकडे पाहिलं. मामाजींनी साखळी ओढली, झाकण उघडलं, घड्याळ सर्वांना दिसेल असं धरलं. सात. (तेव्हा ते खोकले होते. मला आता आठवतं.)

पाच घड्याळांत पावणेआठ आणि एका घड्याळात सात. निवडणूक असती तर पाच जिंकले असते. पण आम्ही रेल्वेतले! खोब्रागडे जीभ चावून म्हणाले, "माफ करा बाबूजी, नवीन आहे ना, पुढं पयत असन थोडी." आणि पाचही जणांनी माना खाली घालून आपापली घड्याळं पाऊण तास मागं घेतली. एकानं तर मामाजींच्या पाया पडून घेतलं.

तेवढा वेळ मिळाला म्हणून सुशीलानं सगळ्यांसाठी पोहे टाकले. पोहे झाले, वर तर्री झाली, दुसऱ्यांदा चहा झाला. "लावा ना गा रेडिओ," असं अधूनमधून कोणीतरी म्हणे आणि मी हात वर करी. ट्रान्झिस्टरचे सेल दमलेले होते. दोन दिवस शेगडीपाशी शेकून मी त्यांच्यात जीव आणला होता. आठला पाच कमी असतानाच लावायचा, असा माझा सक्त हुकूम होता.

आमच्या आठला पाच कमी झाले. मी बटण फिरवलं. आधी खरखर, मग एक शांत आवाज. तो आवाज संत्र्याच्या झाडावरील डिंक्या रोगाविषयी सांगत होता.

"हे रॉकेटचंच आहे?" कोणीतरी कुजबुजलं.

"चूप बसा, त्याच्यातच सांगतीन," खोब्रागडे म्हणाले.

मामाजी उठले. ओट्याच्या कडेला ताठ उभे राहिले. डाव्या हातात घड्याळ, तोंडात शिट्टी, उजव्या हातात हिरवी झेंडी. आठ वाजले. रेडिओवरचा माणूस म्हणाला, बुंध्याची रोगट साल चाकूनं खरवडून काढावी. आठ वाजून पाच. म्हणाला, त्यावर मलम लावावं. आठ वाजून दहा. पाणी बुंध्याशी साचू देऊ नये. पंचवीस माणसं श्वास रोखून डिंक्या रोग ऐकत होती. आमच्या कॉलनीत संत्र्याचं एकही झाड नव्हतं, पण त्या दिवसापासून त्या रोगाची तिथं फिरकायची हिंमतही झाली नसती.

मामाजींचा झेंडीचा हात हळूहळू खाली येऊ लागला. सुशीला दारात उभी होती. तिच्या हातात पितळी डबा होता, आणि तिनं नकळत त्याचं झाकण उघडलं होतं. मी खडू उचलला. 'किती लेट'च्या पुढं काहीतरी लिहिणं भाग होतं.

तेवढ्यात लोको शेडचा भोंगा झाला.

शेडचा भोंगा नऊला होतो. एक मिनिट पुढं नाही, मागं नाही. आमच्या भिंतीवर सव्वाआठ, मामाजींच्या हातात सव्वाआठ, पाच मनगटांवर सव्वाआठ. खोब्रागडे चिडले. "आज शेडवाल्याईनं भोंगा काहून आधी वाजवला?"

बरोबर त्याच वेळी फाटकापाशी आमचा गवळी सायकलवरून उतरला. त्याच्या हँडलला दुधाच्या कॅनशेजारी रेडिओ लटकलेला असायचा. "माफ करा वं बाई, उशीर झाला!" तो ओरडला. "रॉकेटच्या नादात थांबलो होतो. काय गेलं बाप्पा! आठच्या ठोक्याले सुटलं अन् थेट वर! सीताबर्डीत पेढे वाटून राहिले लोक, अन् तुमी इथं काय ऐकून राहिले?"

"...बागायतदारांनी नोंद घ्यावी," रेडिओ म्हणाला, आणि सेल संपले.

मग सर्वांनी वळून घड्याळाकडे पाहिलं, घड्याळावरून मामाजींकडे पाहिलं. मामाजींच्या अब्रूचा प्रश्न आला, तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी खडू खाली ठेवला. "मामाजी, तुमच्या घड्याळाचा दोष नाही. तुम्ही आंघोळीला गेले होते, तेव्हा मीच पंधरा मिनिटं मागं केलं."

"अगो बाई!" सुशीलाच्या हातातलं झाकण खणकन पडलं. "तुमी बी? बाबा जपाले बसले तवा मी पंधरा मिनिटं मागं केलं!"

"तू?"

"तुमची फजिती होऊ नये म्हनून केलं ना!"

लोक हसायला लागले. पण खोब्रागडे फिटर माणूस, त्यांना हिशेब जुळल्याशिवाय हसू येत नाही. बोटं मोजत ते म्हणाले, "थांबा थांबा. पंधरा अन् पंधरा, तीस. पन मी तर पंचेचाळीस मागं घेतली. बाकीचे पंधरा कोनाचे?"

मामाजी आकाशाकडे पाहत होते. रॉकेट गेलं ती दिशा ती नव्हती. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली, धोतराच्या टोकाला पुसली आणि खोकले.

"माहे," ते म्हणाले.

"बाबा!"

"पस्तीस वर्षं या घडीले बोट नाही लावलं," मामाजी खाली बघत म्हणाले. "जनरल मॅनेजर आला तरी नाही लावलं. पन वडाभाताचा वास आला ना वं सुशी... म्हनलं, हे रॉकेट बी जावयासारखंच येईल, लेट. मंग मी जेवू कवा?"

मी हसलो की रडलो ते आठवत नाही. सुशीला मात्र दोन्ही एकदम करत होती. हातातला डबा तिनं तिथंच ओट्यावर ठेवला आणि वडिलांचा हात धरला. "रॉकेट वेळेवर गेलं बाबा. आठच्या ठोक्याले. आता जेवाले चला."

हे सगळं फार हृद्य होतं आणि आणखी लांबलं असतं, पण खोब्रागड्यांच्या डोक्यात एकाएकी उजेड पडला. "अबे, भोंगा खरा होता! नऊ वाजले! ड्यूटी!"

मग जी धावपळ झाली तिला तोड नाही. पंचवीस माणसं, अठरा सायकली, एकच फाटक. एकाच्या पायात दुसऱ्याची चप्पल, एकाच्या हातात पोह्यांची बशी तशीच. माझीही नऊची ड्यूटी! मी शर्टाची बटणं लावत सायकलीवर टांग टाकली. आणि त्या गोंधळावर एक लांब, खणखणीत शिट्टी झाली. वळून पाहिलं तर मामाजी ओट्यावर ताठ उभे होते आणि हिरवी झेंडी हलवत होते. पस्तीस वर्षांत त्यांनी इतकी भरलेली गाडी सोडली नसेल.

मी खिडकीत पोचलो तेव्हा बाहेर रांग लागली होती. पहिल्याच माणसानं जाळीला नाक लावून विचारलं, "काय भाऊ, किती लेट?" तो गाडीचंच विचारत होता. मी म्हणालो, "पाऊण तास," आणि मान खाली घालून रजिस्टर उघडलं.

संध्याकाळी घरी आलो तर सुशीला गुणगुणत भांडी घासत होती. मामाजींनी दोन पुरणपोळ्या, तीनदा वडाभात आणि रस्सा संपेपर्यंत रस्सा खाल्ला होता, थोडी झोपही काढली होती, आणि दुपारच्या गाडीनं ते गेले होते. पितळी डबा रिकामाच फडताळात परतला होता. पुढं ते दर महिन्याला जेवायला येत. एकदाही उशीर केला नाही.

फळ्याकडे माझं लक्ष नंतर गेलं. त्यावर गार्डच्या ताठ अक्षरात नोंद पूर्ण केलेली होती: 'रॉकेट: वेळेवर. जावई: ४५ मिनिटे लेट.' खाली तारीख, सही, सगळं रीतसर.

त्यातली तीस मिनिटं माझी नव्हती. पण गार्डनं सही केलेली नोंद रेल्वेत कोणी खोडत नाही, म्हणून मी ती मुकाट्यानं मान्य केली.